सालिंगची जीभ

सालिंग आणि मी एकाच वर्षी शाळेत बसलो. तेव्हापासून आमची दोघींची तोंडं गावाला ठाऊक आहेत. माझं बोलण्यासाठी आणि तिचं चवीसाठी. तिबुलानच्या बस थांब्यापाशी, बदामाच्या झाडाखाली पत्र्याची खानावळ आहे ती सालिंगची. तिला लागूनच शिलाईचं मशीन टाकून बसलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला टोकणारी बाई म्हणजे मी, तोन्या. बावीस वर्षं मी दुपारची तिच्याकडे जेवतेय. नवरा होता तेव्हाही तिच्याकडेच जेवायचे आणि त्यालाही तिकडेच पाठवायचे. मला स्वयंपाकाचा कंटाळा आहे, त्यात लाजायचं काय?

खानावळ म्हणजे एक लांब बाक, दोन टेबलं आणि फळीवर ओळीनं सहा पातेली. पाटी नाही की फलक नाही. गिऱ्हाईक येतं, एकेक झाकण उचलतं, आत नाक घालतं, पुन्हा झाकतं आणि शेवटी बोट दाखवतं. खिसा गरम असेल तर दोन पातेल्यांकडे, नसेल तर एका. आणि ज्याला नुसता भातच परवडतो, त्याच्याही भातावर एक वाटी रस्सा येतो. रश्श्याचे पैसे कुठलीच खानावळ घेत नाही, पण बाकीच्यांचा रस्सा म्हणजे भांडं विसळलेलं पाणी. सालिंगच्या रश्श्यावर गावातली निम्मी पोरं कॉलेजं शिकली. काळ्या तुरीचे दाणे, कच्चा फणस, डुकराचं मटण आणि आंबटाला बातवानची फळं, असा तिचा रस्सा. आईचा हात होता तो, आईकडून तिच्याकडे आलेला.

उन्हाळ्यात त्या कोपऱ्यावर बसावं, म्हणजे माणसाला सुखी व्हायला किती थोडं लागतं ते कळतं. शाळा बंद. पोरं सकाळपासून नदीत, डोळे लाल झाले की भुकेनं वर येतात. बायका बदामाखाली कैऱ्या कापतात आणि खारवलेला जवळा लावून खातात, तोंडं वाकडी करत, पुन्हा हात पुढे करत. चौकात तिन्ही गल्ल्यांचे बास्केटबॉलचे सामने, त्यात पंच रोज शिव्या खातो. मे महिना लागला की रोज संध्याकाळी मुली पांढरे फ्रॉक घालून मरियामातेला फुलं वाहायला जातात. ते फ्रॉक मी शिवते, त्यामुळे मे महिन्यात माझ्याशी नीट बोलावं, नाहीतर बाही लांबते. आणि कुणी कुठूनही आलं तरी सालिंगकडे भात खाणार आणि मग रस्ता ओलांडून मेल्बाकडे हालो-हालोचा पेला घेणार. किसलेला बर्फ आणि आटवलेलं दूध, उन्हातून आलेल्याला आणखी काय हवं?

मेल्बा म्हणजे सालिंगची सख्खी धाकटी बहीण. आठ वर्षांनी धाकटी.

आता दोघींमधलं सांगते. दोनची बस गेली की गर्दी ओसरते. मग सालिंग स्वतःचं ताट घेऊन बाकावर बसते आणि समोरून जाईल त्याला म्हणते, "या जेवायला." तो म्हणतो, "झालंय, चालू द्या." पोटात कावळे ओरडत असले तरी झालंय. बोलावलं नाही तर माणूस जन्मभर लक्षात ठेवतो. आणि बोलावल्यावर खरंच येऊन बसला, तर त्याला गाव जन्मभर लक्षात ठेवतं. त्याच सुमाराला मेल्बा बर्फाच्या कारखान्यावरून तीनचाकीनं येते, बदामाखाली उतरते, पोत्यात गुंडाळलेली लादी कडेवर घेते आणि बाकासमोरून पलीकडे जाते. सालिंग ताटाकडे बघून म्हणायची, "या जेवायला." मेल्बा लादीकडे बघून म्हणायची, "झालंय माझं." अकरा वर्षांत दोघी बहिणी एवढंच बोलल्या. आणि "ये" सुद्धा नाही बरं का, "या"! पाठच्या बहिणीला "या"!

कारण एक शब्द. त्यांची आई गेली तेव्हा मेल्बा मनिलात नोकरीला होती. वादळामुळे बोटी बंदरातच अडकल्या होत्या, हे रेडिओवर सगळ्या गावानं ऐकलं, सालिंगनंही ऐकलं. पण आईचं दुखणं तिनं एकटीनं काढलं होतं, एकटीनं आईला मातीत ठेवलं होतं, आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुरल्यानंतर दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला माणसं बसलेली, आणि दारात ही उभी, मनिलाचे नवे बूट घालून. सालिंग म्हणाली, "पाहुण्या आल्यात. कॉफी द्या त्यांना." उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि खरंच, बशीत दोन बिस्किटं घालून लोकांना देतात तशी कॉफी मेल्बाच्या हातात दिली गेली. आईच्या घरात.

दुसरी कुणी असती तर रडत परत बोटीत बसली असती. मेल्बा राहिली. "पाहुणी म्हणते काय? बघते किती दिवस म्हणते," असं मला म्हणाली, नोकरी सोडली, रस्त्यापलीकडे खोली घेतली आणि हालो-हालोचं दुकान टाकलं. एवढा राग मी कुणाच्या अंगात बघितलेला नाही, माझ्यासुद्धा नाही.

मागल्या ऑगस्टात सालिंगला ताप आला. आठ दिवस अंथरुणात होती, नवव्या दिवशी चुलीपाशी. त्यानंतर रस्सा बिघडला. एक दिवस अळणी, दुसऱ्या दिवशी खारट ढोण. लोक आधी हसले, मग म्हणाले वय झालं, मग हळूच झाकण उचलून पुन्हा ठेवायला लागले. निवृत्त मास्तर एल्पिद्यो तिचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, ते आठवड्यातून दोनदाच यायला लागले. मी आपली गप्प जेवत होते. खोटं कशाला बोला, मला खारट आवडतं, त्यामुळे अर्धे दिवस मला काही कळलंच नाही.

कळलं ते मेच्या पहिल्या आठवड्यात. नारळाच्या दुधातला भोपळा होता. मी घास तोंडात घातला आणि तसाच बाहेर काढला. आंबून गेलेला! उन्हाळ्यात नारळाचं दूध बारापर्यंत टिकलं तर नशीब, हे शेंबड्या पोराला कळतं.

"सालिंग, अगं हा नासलाय!"

तिनं चमचा घेतला, भोपळा तोंडात घातला, चावला, गिळला. "कुठं? चांगला तर आहे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिनं माझा चेहरा बघितला आणि चमचा खाली ठेवला.

"कुणी कुणी खाल्लाय?" मी विचारलं.

"त्या बसच्या कंडक्टरनं. आणि त्याच्या ड्रायव्हरनं."

दोघांचं पोट बिघडण्यावरच भागलं, देवाची कृपा. ती बस त्या दिवशी वाटेत चार ठिकाणी जास्त थांबली म्हणे.

सालिंगनं पातेलं मागच्या खड्ड्यात ओतलं आणि तिथंच बसली. म्हणाली, "वास येत नाही, चवही लागत नाही. तापापासून. भात खाल्ला काय नि माती खाल्ली काय, सारखंच. डॉक्टर म्हणाला येईल परत. नऊ महिने झाले, तोन्या. पोरं नऊ महिन्यांत जन्माला येतात, माझी जीभ काही येत नाही."

"आणि इतके दिवस स्वयंपाक कसा करतेस?"

"मोजून. एवढे चमचे मीठ, एवढी फळं. पण फळ कधी आंबट असतं, कधी नसतं. फणस पाणी पितो. मोजून कधी रस्सा झालाय का?"

मग तिनं मला शपथ घातली. मरियामातेच्या चित्रावर हात ठेवायला लावला. कुणाला सांगायचं नाही, मेल्बाला तर नाहीच नाही. म्हणाली, "चव न कळणारी बाई रांधते हे कळलं की उद्यापासून एकही जण झाकण उचलणार नाही. मला दुसरं काय येतं, सांग? तुझ्यासारखी सुईसुद्धा धरता येत नाही." आणि त्यातच तीस तारीख आ वासून उभी. महिन्याच्या शेवटी फुलांच्या मुलींची मिरवणूक निघते, त्या दिवशी त्यांच्या सगळ्या घरांचं जेवण चौकात असतं, आणि तूर-फणस सालिंगचाच असतो. समितीत मास्तर एल्पिद्यो. ते येऊन चाचरत म्हणून गेले होते, "यंदा तुला दगदग नको असेल तर दुसऱ्या कुणाला सांगू का?" दगदग! बाईला तोंडावर नको म्हणायची हिंमत नाही म्हणून दगदग.

मी म्हटलं, घाबरतेस काय, मी चाखते. आठवडाभर मी चाखलं. रोज दहा वाजता मशीन सोडून तिच्या चुलीपाशी जायचे, पळी जिभेला लावायचे आणि म्हणायचे, "टाक अजून थोडं." सहाव्या दिवशी मास्तर एल्पिद्यो एक घास खाऊन म्हणाले, "सालिंग, आज भात समुद्रावर नेऊन कालवलास की काय?"

ते गेल्यावर ती माझ्यावर उखडली. "जीभ आहे का चामडं?"

"सुकट खाऊन वाढलेय मी! मग घे दुसऱ्या कुणाची जीभ!"

"कुणाची घेऊ?"

दोघींनी एकदमच रस्त्यापलीकडे बघितलं. मेल्बा पेले धूत होती. आईच्या हाताखाली या दोघीच वाढल्या. त्या रश्श्याची चव नक्की काय, हे ठाऊक असलेली गावात तिसरी जीभ नाही.

"जा मग. सांग तिला," मी म्हटलं.

"मी? मी जाऊ?"

"नाहीतर काय बर्फाची लादी जाईल?"

"जायची गरज नाही. मी रोज बोलावतेच तिला. आता खरं बोलावीन. आली तर आली, बसली की चव घेईलच."

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! पण शपथ माझ्या मानेवर, मी काय बोलणार.

पहिल्या दिवशी दोन वाजता मेल्बा लादी घेऊन आली. सालिंग नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली, "या जेवायला." मेल्बा म्हणाली, "झालंय माझं," आणि गेली. दुसऱ्या दिवशी सालिंगनं बाकावर दोन ताटं मांडली. "या जेवायला. आज तूर-फणस आहे." मेल्बा अर्धं पाऊल थबकली. दुसरं ताट माझं असणार असं तिला वाटलं असावं. "चालू द्या. झालंय." तिसऱ्या दिवशी सालिंगनं ताटावरून डोळे उचलले. अकरा वर्षांत पहिल्यांदा बहिणीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "या ना जेवायला!"

मेल्बानं माझ्याकडे बघितलं, हिला काय झालंय म्हणून. मी सुईत दोरा ओवायला लागले. मग ती फार अदबीनं म्हणाली, "माझं झालंय. आभारी आहे."

ती पलीकडे पोचते न पोचते तोच सालिंगनं चमचा आपटला. "ऐकलंस? आभारी आहे म्हणाली! तोंडावर मारलं माझ्या!"

"अगं, तिला काय ठाऊक तू खरंच बोलावतेयस? अकरा वर्षं खोटं बोलावतेस. तेच शब्द, तोच बाक!"

"मग खरं कसं बोलावतात?"

मला सुचेना. एकसष्ट वर्षांची झाले मी, शब्दाला कधी अडले नाही, पण जेवायला बोलवायचं आम्ही एकच वाक्य शिकलोय आणि ते सगळं खोट्यासाठीच वापरून बसलोय. मी म्हटलं, "मला काय विचारतेस, मी कुणाला बोलावतच नाही. माझ्याकडे स्वयंपाकच नसतो."

चौथ्या दिवशी सालिंग सकाळपासून फुगलेली. गिऱ्हाइकांना ताटं आपटून देत होती. दोन वाजले, तीनचाकी आली, मेल्बा उतरली, लादी कडेवर घेतली, बाकासमोर आली. सालिंग जेवत होती. घास घेतला, चावला, दुसरा घेतला. बोलली नाही.

मेल्बा पुढे गेली. तीन पावलं, चार पावलं. मग उभी राहिली. पोत्यातून पाणी ठिबकत होतं, रस्त्यावर पडलं की वाळत होतं. ती वळली, पण माझ्याकडे.

"मनांग तोन्या, हिची तब्येत बरी आहे ना?" मनांग म्हणजे थोरली बहीण. मला म्हणायची. जिला म्हणायचं तिला सोडून.

"तिलाच विचार की."

"मी कशाला विचारू? रस्त्यानं कुत्रं गेलं तरी त्याला हाड म्हणतात. मी त्याच्याहून गेलेली."

सालिंग मला म्हणाली, "तिला सांग, बर्फ वितळतोय."

"मेल्बा, बर्फ वितळतोय."

"हिला सांग, बर्फ माझा आहे. वितळेल नाहीतर उडून जाईल!"

"मला काय पोस्टमन समजता काय गं दोघी?" मी ओरडले. "माझे चार फ्रॉक राहिलेत. भांडायचं तर सरळ भांडा!"

मग काय, सरळच झालं.

"अकरा वर्षं बोलावलंस," मेल्बा म्हणाली. "आज काय पाप केलं मी?"

"बोलावलं तेव्हा आलीस?"

"मला बोलावत होतीस? ताटाला सांगत होतीस तू!"

"बरं. आज नाही सांगितलं ताटाला. तुझं काय गेलं?"

"भिकारी गेला तरी त्याला या म्हणतेस. मला तेवढंही नाही?"

सालिंग ताडकन उठली. चमचा हातातच. "पाहुण्यांना बोलावतात! तू कोण मोठी पाहुणी लागून गेलीस?"

तिनं टोमणा मारला होता, हे मी मरियामातेवर हात ठेवून सांगेन. समजूत घालायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला फक्त मेल्बाला लागेल असं बोलायचं होतं. पण तोंडातून जे गेलं ते गेलं, आणि ते तिघींनी ऐकलं. सालिंगनं स्वतःही ऐकलं. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मेल्बा माझ्याकडे आली आणि तिनं लादी सरळ माझ्या मांडीवर ठेवली. पांढऱ्या फ्रॉकवर. मग खानावळीत शिरली, मांडणीतलं ताट घेतलं, एकेक झाकण उचललं, भात वाढून घेतला, तूर-फणस वाढून घेतला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. कुणाला विचारलं नाही. घरच्या माणसानं घ्यावं तसं घेतलं.

पहिला घास घेतला. दुसरा घेतला नाही.

"मनांग," ती म्हणाली. या वेळी मला नाही. "हे तू केलंयस?"

"मग कुणी करणार?"

"बातवान दुप्पट पडलाय. आणि मीठ? मीठ घातलंयस तरी का? आई असती तर पळी फेकून मारली असती. जीभ कुठं ठेवलीस गं तुझी?"

मी मांडीवर बर्फ घेऊन गारठत होते, पण हलले नाही.

"गेली," शेवटी सालिंग म्हणाली.

"कुठं गेली?"

"तापात गेली, इंदाय. ऑगस्टपासून मला काही लागत नाही. एवढंसुद्धा नाही." आणि ती रडायला लागली, उभ्या उभ्या, पदर नाही की रुमाल नाही, चमचा धरलेल्या हातानंच नाक पुसत. धाकटीला लहानपणी इंदाय म्हणायची ती. तो शब्दही मी अकरा वर्षांनी ऐकला आणि माझेही डोळे भरले, सांगायला लाज कशाची.

मेल्बानं तिला जवळ घेतलं असेल असं वाटलं ना? अजिबात नाही. ती उठली, चूल पेटवली, रश्श्यात पाणी वाढवलं, बरणीतलं मीठ चिमटीत घेतलं, ढवळलं, चाखलं, पुन्हा टाकलं. आणि सगळा वेळ तोंड चालू. "ऑगस्टपासून! नऊ महिने! आणि मी तिथं पन्नास पावलांवर राहतेय! मरूनच गेली असतीस तर पाहुण्यांच्या हातून निरोप पाठवला असतास का?"

"ओरडू नकोस. लोक ऐकतील."

"ऐकू देत!"

अर्धी लादी माझ्या मांडीवर वितळली. फ्रॉक दोनदा इस्त्री करावा लागला. त्याबद्दल दोघींपैकी एकीनंही चकार शब्द काढला नाही, आजतागायत.

त्यानंतर मेल्बा रोज दहाला यायला लागली. पातेलं उतरायच्या आधी चाखायची, काय हवं ते टाकायची आणि पलीकडे आपल्या कामाला जायची. बारा वाजता पुन्हा यायची, नारळाच्या दुधाचं पातेलं हुंगायला. भांडणं रोजची. सालिंग म्हणायची, "तू आईपेक्षा आंबट करतेस." मेल्बा म्हणायची, "तुला काय कळतंय, तू तर माती खाल्लीस तरी भात म्हणशील." आणि दोघी हसायच्या. मला ते बघवायचं नाही सुरुवातीला. नंतर सवय झाली. गावाला कळलं का? कळलंच. मी सांगितलं नाही, पण मेल्बाचा आवाज काय कमी आहे? लोक चार दिवस कुजबुजले आणि पाचव्या दिवशी झाकणं उचलायला आले, कारण रस्सा पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. मास्तर एल्पिद्यो दोन वाट्या पिऊन म्हणाले, "तब्येत सुधारली वाटतं, सालिंग." ती म्हणाली, "हो. थोडी माझी, थोडी हिची." तीस तारखेचं जेवण तिनंच केलं. पातेली खरवडून खाल्ली लोकांनी.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी मेल्बाचं दुकान बंद व्हायचं होतं. जून लागला की शाळा उघडतात, बर्फ कुणी मागत नाही. तिसऱ्या प्रहरी ती उरलेलं सामान एका पेल्यात भरून रस्ता ओलांडून आली. गावातल्या पोरासोरांनी अकरा उन्हाळे तो पेला खाल्ला, मी तर किती खाल्ले मोजले नाहीत. सालिंगनं एकदाही तोंडाला लावला नव्हता. कुणी आणून दिला तरी म्हणायची, माझे दात शिवशिवतात. एकदाच, फार वर्षांपूर्वी, मान खाली घालून मला विचारलं होतं, "बरं करते का गं ती?" मी म्हटलं होतं, जाऊन खा नि बघ.

मेल्बानं पेला तिच्यासमोर ठेवला. "खा."

सालिंगनं लांब चमच्यानं ढवळलं आणि एक चमचा तोंडात घातला. मेल्बा समोर उभी, हात फडक्याला पुसत. कोरडे झाले तरी पुसत. रांधणारी बाई पहिल्या घासाला उभी राहते तशी.

"कसं झालंय?"

छान म्हणायचं. सगळे म्हणतात, खाण्याआधीच म्हणतात. मी डोळ्यांनी खुणावत होते, म्हण गं बाई, छान म्हण.

सालिंग म्हणाली, "गार आहे."

मेल्बानं मान हलवली. मग बाकावर तिच्या शेजारी बसली.

"आणि?"

सालिंगनं पुन्हा चमचा घेतला. "काहीतरी मऊ आहे. लांबट."

"फणस. पाकातला. गोड आहे, जरा जास्तच गोड."

"हे दाणे?"

"मका. त्याला तशीही चव नसते. तुझं काही हुकलं नाही."

सालिंग हसली. तिसरा चमचा घेतला आणि तो तोंडात बराच वेळ घोळवला. "हे लुसलुशीत?"

"जांभळा कंद. उकडून, दुधात घोटून. मी त्यात मीठ घालते, आई घालायची तसं."

"किती?"

"चिमूटभर."

सालिंग थांबली. डोळे मिटले. मला वाटलं आता लागेल, देवा, एवढं एक लागू दे. तिनं घास गिळला.

"चिमूटभर बरोबर आहे," ती म्हणाली आणि पुढचा चमचा भरला.